उलटं करून

मी कपडा आधी उलटा करते.
नजरबाग मार्केटातल्या पोरांना हे आता माहीत झालंय.
मी पायरी चढले की एकजण दुसऱ्याला डोळ्यांनी सांगतो
आणि दुसरा घड्या घालायला लागतो,
उघडायच्या आधीच.

बाहेरून सगळेच देखणे असतात.
आत लोंबते धागे, घाईत मारलेलं ओव्हरलॉक,
चौकडीच्या शर्टावर खिशाची चौकडी
छातीच्या चौकडीशी बोलत नाही,
एका भिंतीचे भांडलेले शेजारी.
बटण नुसतं चाचपलं, तर हातात आलं.
"मैडम, एक्स्ट्रा दिया है ना अंदर!"
आत, एवढ्याशा प्लास्टिकच्या पुडीत.
म्हणजे पडणार हे
त्यांना आधीपासून ठाऊक.

थंडी पडायच्या आत पाच जणांचं घ्यायचं होतं.
सासूबाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
त्यांना पुढून उघडणारं, सुती,
आणि म्हातारं न दिसणारं
(हे शेवटचं त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं).
यांचा एक खांदा दुसऱ्याहून बोटभर खाली.
पुष्कर शनिवारी मोजला तर सोमवारी चुकतो.
ऋजुताला खिसे हवेत. खरे.
मला काय हवंय ते कुणी विचारलं नाही,
मीसुद्धा नाही.

फ्री साइज, म्हणाला.
फ्री म्हणजे कुणाच्याच मापाचं नाही.

मी म्हटलं, शिवणीत माया नाही.
पोरगा मागे वळून ओरडला,
"भैया, ये माया कौन है?"
सगळं दुकान हसलं. मीही हसले.
मग हिंदीत समजवायला गेले तर शब्द सापडेना.
मार्जिन म्हणून पाहिलं. दाब म्हणून पाहिलं.
अरे, शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड,
पोर वाढलं, बाई सुटली,
तर उसवून सोडता येईल एवढं.
तो म्हणाला, "आंटी, अगले साल नया ले लेना।"

बाड्यावरून टेम्पोनं दौलतगंज.
मकसूद मास्टरांच्या दुकानात आता मुलगा बसतो,
वर पाटी: यहाँ अल्टर होता है.
भिंतीवर वडिलांची लाकडी पट्टी, खिळ्याला.
नवं शिवत नाही, म्हणाला, परवडत नाही.
"छोटा जितना कहो कर दूँगा, बड़ा नहीं होगा।"
मी उभीच राहिले.
सकाळपासून सगळं शहर
मला हेच तर सांगत होतं.

कुमुदआत्या माझ्या फ्रॉकला चार बोटं दुमड ठेवायची.
दर जूनमध्ये एक घडी सुटायची
आणि खाली गडद पट्टा दिसायचा,
ऊन न लागलेला.
वर्गातल्या मुली त्यावरून माझी वर्षं मोजायच्या.
ती लाज मात्र पक्क्या शिलाईची निघाली,
अजून उसवली नाही.

चार तास, पाच माणसं.
घरी आणलं काय, तर नाडीचं एक रीळ
आणि ऋजुताची पँट, कारण ती रडवेली झाली होती
आणि माझे पाय दुखत होते.

रात्री तिनं खिशात हात घातला, बोटं अडली.
मी सेफ्टीपिनेनं टाके काढले.
आत पिशवी नव्हतीच.
नुसतं तोंड होतं खिशाचं.

मग यांचा जुना पायजमा फाडला, निळ्या रेघांचा,
मशीन काढलं, दिव्याखाली ओढलं.
दोन पिशव्या बेतल्या, तिच्या मनगटापर्यंत खोल.
"बाहेरून दिसतील का रेघा?"
नाही गं.
"उलटं केलं तर?"
उलटं कोण करतंय.

शिवताना सवयीनं कडेला
अर्धा इंच सोडला गेला.
खिशाला कशाला लागतेय?
कात्री उचललीसुद्धा होती.
ठेवली परत.